खाद्यातील उपकारक जिवाणू आणि प्रतिजैविकरोध

दही, ताक, चीज, प्रोबायोटिक पेये, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅप्सूल आणि कोंबड्या-डुकरांचे खाद्य यांतून रोज अगणित जिवंत जिवाणू माणसांच्या आणि जनावरांच्या पोटात जातात. प्रोबायोटिकच्या एका मात्रेत साधारण दहा कोटींपासून हजार कोटींपर्यंत जिवाणू असतात. ते आजार निर्माण करत नाहीत, पचनाला हातभार लावतात, घातक जिवाणूंना आतड्यात जागा मिळू देत नाहीत. म्हणून त्यांना उपकारक म्हटले जाते. पण आजार न करणारा जिवाणू सर्वस्वी निर्धोक असतोच असे नाही. प्रतिजैविकाला दाद न देण्याची क्षमता ज्या जनुकामुळे येते, ते जनुक त्याच्याकडे असेल आणि शेजारच्या जिवाणूला देता येण्याजोगे असेल, तर तो स्वतः निरुपद्रवी राहूनही एखाद्या घातक जिवाणूला सशस्त्र करू शकतो. उपकारक जिवाणूंमधील प्रतिजैविकरोधाचा सारा अभ्यास या एका शक्यतेभोवती फिरतो. ती शक्यता कोणत्या वाणाबाबत खरी, कोणत्या वाणाबाबत फोल, आणि हे ठरवायचे कसे, याची मांडणी पुढे केली आहे.

या जिवाणूंवरचा विश्वास जुना आहे. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात आपल्या देशातील दह्यातून एक दंडाकार जिवाणू वेगळा केला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील इल्या मेचनिकोव्ह यांनी आंबवलेल्या दुधाचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला आणि युरोपात दह्याची लाट आली. (त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, दह्याच्या श्रेयाशी त्याची अनेकदा गल्लत होते.) जपानमध्ये मिनोरु शिरोता यांनी १९३० मध्ये लॅक्टोबॅसिलसचा एक वाण निवडला आणि १९३५ पासून त्याचे पेय विकले जाऊ लागले. त्या काळी प्रतिजैविके दवाखान्यात पोचलीच नव्हती, तेव्हा त्यांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची चिंता कोणी करण्याचे कारणही नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले आणि कुणाचे काही बिघडले नाही, हाच सुरक्षिततेचा पुरावा मानला गेला. घरच्या दह्यापुरता तो भक्कमच आहे. मात्र आजचे बरेच प्रोबायोटिक वाण घरच्या भांड्यातून आलेले नाहीत. ते माणसाच्या विष्ठेतून, आईच्या दुधातून किंवा जनावरांच्या आतड्यातून वेगळे केलेले आहेत, म्हणजे गेली काही दशके प्रतिजैविकांचा मारा सोसणाऱ्या जागांमधून. शिवाय ते कारखान्यात वाढवून, एकाच वाणाच्या प्रचंड संख्येने, देशोदेशी पाठवले जातात. जुन्या खाण्याची पुण्याई अशा नव्या वाणाला आपोआप लागू होत नाही.

रोध दोन प्रकारचा असतो, आणि या दोहोंतील फरक पक्का समजला नाही तर पुढचे सगळे गोंधळाचे होते. पहिला अंगभूत रोध. तो त्या प्रजातीच्या शरीररचनेतूनच येतो, प्रजातीतील जवळजवळ प्रत्येक वाणात असतो आणि प्रतिजैविके शोधली जाण्याच्या कितीतरी आधीपासून असतो. दुसरा मिळवलेला रोध. प्रजातीतील इतर वाण ज्या औषधाने मरतात त्याला एखादाच वाण दाद देत नाही, तेव्हा त्याने ती क्षमता कुठून तरी मिळवलेली असते: एक तर स्वतःच्या जनुकातील उत्परिवर्तनातून, नाही तर बाहेरून आलेल्या जनुकातून. बाहेरून आलेले जनुक बाहेर जाऊही शकते. खरी धास्ती त्याचीच असते.

अंगभूत रोधाचे सर्वांत बोलके उदाहरण व्हँकोमायसिनचे आहे. हे औषध १९५८ पासून वापरात आहे आणि इतर औषधे निष्प्रभ झाल्यावर गंभीर संसर्गांत डॉक्टर त्याच्याकडे वळतात. जिवाणूची पेशीभित्तिका ज्या घटकांपासून बांधली जाते त्यांच्या टोकाशी डी-ॲलानिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू एकापुढे एक असतात. व्हँकोमायसिन नेमके त्या जोडीला चिकटते आणि भित्तिकेचे बांधकाम थांबते. प्लांटारम, रॅम्नोसस, र्‍युटेरी यांसारखे लॅक्टोबॅसिलस, तसेच ल्युकोनोस्टॉक आणि पेडिओकोकस यांच्या भित्तिकेत टोकाचा रेणू डी-ॲलानिन नसून डी-लॅक्टेट असतो. औषधाला धरायला जागाच उरत नाही. हा फरक त्या जिवाणूच्या मूळ गुणसूत्रात, पेशीच्या रोजच्या कारभारात विणलेला आहे. तो उचलून दुसऱ्याला देता येत नाही. इडलीच्या पिठात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हमखास सापडतो. म्हणजे व्हँकोमायसिनला न जुमानणारा जिवाणू लाखो स्वयंपाकघरांत रात्रभर वाढतो आणि सकाळी वाफेत मरतो, आणि त्यावरून कोणी इडलीला दोष दिलेला नाही. तो देण्याचे कारणही नाही.

दुसरे उदाहरण स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन या गटाचे. ही औषधे पेशीत शिरण्यासाठी श्वसनसाखळीतील इलेक्ट्रॉन-वहनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर अवलंबून असतात. लॅक्टिक जिवाणू किण्वनावर जगतात, त्यांच्यात ती साखळी सहसा चालत नाही, त्यामुळे औषध आत फारसे जातच नाही. बायफिडोबॅक्टेरियमचीही तीच गत. अशा जिवाणूंच्या अहवालात जेंटामायसिनपुढे ‘रोधी’ असा शेरा दिसला तर त्यात वावगे काही नसते.

आता त्याच व्हँकोमायसिनची दुसरी बाजू. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटन आणि फ्रान्समधील रुग्णालयांत एन्टेरोकॉकस जातीचे असे जिवाणू आढळले की ज्यांच्यावर व्हँकोमायसिन चालेना. त्यांच्याकडे व्हॅन-ए नावाने ओळखला जाणारा जनुकसंच होता. हा संच पेशीला डी-ॲलानिनच्या जोडीऐवजी डी-ॲलानिन आणि डी-लॅक्टेट अशी जोडी बनवायला लावतो. रसायन तेच, जे लॅक्टोबॅसिलसमध्ये जन्मजात आहे. फरक एवढाच की एन्टेरोकॉकसमध्ये ते एका ट्रान्सपोझॉनवर, म्हणजे जागा बदलू शकणाऱ्या जनुकखंडावर स्वार होऊन आले होते. दोन्ही जिवाणूंची प्रयोगशाळेतील चाचणी सारखीच दिसेल, तबकडीवर दोघेही वाढतील. पण एक वाण बेधडक दह्यात घालता येतो आणि दुसरा रुग्णालयाची झोप उडवतो. जिवाणू औषधाला दाद देतो की नाही, या प्रश्नापेक्षा रोधाचे जनुक कुठे बसले आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा का, हे या जोडीवरून कळते.

जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात ही गोष्ट शास्त्रज्ञांना दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच कळली, पण तिचे वैद्यकीय गांभीर्य १९५९ च्या सुमारास जपानमध्ये लक्षात आले. तेथील संशोधकांनी दाखवले की अनेक औषधांना एकदम दाद न देण्याची क्षमता आतड्यातील साध्या ई. कोलाय जिवाणूकडून हगवणीच्या शिगेल्लाकडे निव्वळ सहवासाने जाते. ती वाहून नेणाऱ्या वर्तुळाकार डीएनए तुकड्यांना प्लाझ्मिड म्हणतात. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेत एन्टेरोकॉकस फीकॅलिसमध्ये टीएन-९१६ हा ट्रान्सपोझॉन सापडला. तो टेट्रासायक्लिनरोधाचे टेट-एम हे जनुक घेऊन, प्लाझ्मिडचा आधार न घेता, स्वतःच एका पेशीतून दुसरीत जातो, आणि जाताना प्रजातींच्या सीमा फारशा पाळत नाही. याखेरीज मेलेल्या जिवाणूचा सुटा डीएनए उचलून घेणे आणि विषाणूंमार्फत देवाणघेवाण होणे हेही मार्ग आहेत. खाद्यजिवाणूंच्या बाबतीत त्यांचे महत्त्व तुलनेने कमी मानले जाते.

खाद्यात अशी देवाणघेवाण घडून गेल्याचा ठसठशीत पुरावा १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमधून आला. कच्च्या दुधाच्या मऊ चीजमधून मिळालेल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसच्या के-२१४ या वाणात सुमारे तीस हजार अक्षरांचा एक प्लाझ्मिड सापडला. त्याच्यावर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांना निकामी करणारी जनुके होती. त्यांची जुळवणी केल्यावर काही जनुके स्टॅफिलोकॉकससारख्या, तर टेट्रासायक्लिनचे जनुक लिस्टेरियासारख्या रोगजंतूंमधल्या जनुकांशी जवळजवळ तंतोतंत जुळली. म्हणजे चीज बनवणाऱ्या प्रजातीच्या एका सदस्याने रोगजंतूंकडून आलेली मिळकत एकाच तुकड्यावर गोळा केली होती. लॅक्टोकॉकससारख्या सज्जन प्रजातीचे नाव या यादीत आल्याने दुग्धशास्त्रज्ञांना धक्का बसला, आणि विरजणाचे वाण तपासल्याशिवाय वापरू नयेत हा आग्रह तेथून जोर धरू लागला.

पशुखाद्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जनावरांची वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यात थोडी थोडी प्रतिजैविके घालण्याची प्रथा जगभर पसरली. युरोपात कोंबड्या आणि डुकरांना दिले जाणारे ॲव्होपार्सिन हे रचनेने व्हँकोमायसिनचे सख्खे भावंड. डेन्मार्कमध्ये १९९४ साली माणसांच्या उपचारासाठी २४ किलो व्हँकोमायसिन वापरले गेले आणि पशुखाद्यात २४,००० किलो ॲव्होपार्सिन. परिणाम व्हायचा तोच झाला. निरोगी कोंबड्यांच्या आतड्यात व्हॅन-ए बाळगणारे एन्टेरोकॉकस फोफावले. डेन्मार्कने १९९५ मध्ये आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये ॲव्होपार्सिनवर बंदी घातली. १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके वापरणे संघभर बंद झाले. मोकळ्या झालेल्या जागेत प्रोबायोटिक आले: बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, लॅक्टोबॅसिलस, यीस्ट, आणि एन्टेरोकॉकस फीशियम. ज्या जातीमुळे हा सगळा घोळ झाला तिचेच काही वाण उपाय म्हणून खाद्याच्या पोत्यात शिरले, हा योगायोग नियामकांच्या नजरेतून सुटला नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये एन्टेरोकॉकस फीशियमसाठी वेगळी कसोटी लावली. रुग्णालयात आढळणाऱ्या घातक वंशाच्या ठराविक खुणा वाणात नसाव्यात आणि ॲम्पिसिलिनचे प्रति लिटर २ मिलिग्रामपेक्षा अधिक प्रमाण त्याने सोसू नये, असे तिचे स्वरूप आहे. एवढे करूनही ही प्रजाती सरसकट सुरक्षित मानल्या जाणाऱ्यांच्या युरोपीय यादीत बसत नाही. प्रत्येक वाणाची वेगळी छाननी होते.

चाचणीचे तपशील वरवर कोरडे वाटतात, पण बरेच वाद तेथेच सुटतात किंवा अडतात. प्रतिजैविकाच्या दुपटीने वाढत जाणाऱ्या प्रमाणांत जिवाणू वाढवून पाहतात. ज्या सर्वांत कमी प्रमाणात वाढ थांबते त्याला किमान रोधक प्रमाण म्हणतात. रोगजंतूंसाठी ठरलेली पोषकद्रव्ये लॅक्टिक जिवाणूंना पुरत नाहीत, आणि त्यांच्या आवडीचे एमआरएस माध्यम आम्लधर्मी व काही औषधांचा जोर कमी करणारे असते. त्यामुळे एकाच वाणाला एका प्रयोगशाळेत संवेदनशील आणि दुसरीत रोधी ठरवले जाण्याचे प्रकार वर्षानुवर्षे घडले. रोगजंतूंसाठीचे माध्यम आणि एमआरएस यांचे अनुक्रमे ९० आणि १० टक्के मिश्रण वापरणारी पद्धत पुढे रूढ झाली आणि २०१० मध्ये आयएसओ १०९३२ या मानकाने तिला अधिकृत रूप दिले.

मिळालेला आकडा कशाशी ताडून पाहायचा, हा पुढचा मुद्दा. डॉक्टर वापरतात ती मर्यादा रोगी बरा होईल की नाही यावर बेतलेली असते. खाद्यजिवाणूंसाठी ती कामाची नाही. येथे त्या प्रजातीतील सर्वसाधारण, रोध न मिळवलेले वाण जास्तीत जास्त किती औषध सोसतात हे पाहून सीमा आखतात. त्यामुळे सीमा प्रजातीनुसार बदलते. युरोपीय कोष्टकात टेट्रासायक्लिनची सीमा प्लांटारमसाठी प्रति लिटर ३२ मिलिग्राम आहे, तर ॲसिडोफिलसच्या गटासाठी ४. एकाचे सामान्य वर्तन दुसऱ्यात संशयास्पद ठरते. म्हणून वाणाची प्रजाती चुकीची नोंदवली असेल तर पुढची सगळी चाचणी व्यर्थ जाते, आणि ही चूक बाजारातल्या उत्पादनांत दुर्मीळ नाही. त्यात २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या अवाढव्य जातीची २५ जातींत फेरविभागणी झाली. प्लांटारम आता लॅक्टिप्लांटिबॅसिलस झाला, र्‍युटेरी लिमोसिलॅक्टोबॅसिलस, रॅम्नोसस लॅक्टिकेसिबॅसिलस. वेष्टनांवर मात्र जुनी नावे अजून ठाण मांडून आहेत. या लेखनातही वाचकाच्या सोयीसाठी ती ठेवली आहेत.

गेल्या दशकात चाचणीच्या जोडीला संपूर्ण जनुकसंचाचे वाचन आले. युरोपात खाद्यपूरक जिवाणूंसाठी ते बंधनकारक आहे. वाचलेला क्रम रोधजनुकांच्या संग्रहांशी ताडतात. किमान ८० टक्के साम्य आणि जनुकाच्या किमान ७० टक्के लांबीची जुळणी असेल तर दखल घ्यावी लागते. वाचन आणि तबकडी यांची उत्तरे दर वेळी जुळतात असे नाही. जनुक असते पण निद्रिस्त असते, किंवा वाण रोधी असतो पण ओळखीचे जनुक सापडत नाही. पहिल्या स्थितीत जनुक दुसऱ्या यजमानात जागे होऊ शकते, म्हणून ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. दुसऱ्या स्थितीत बहुधा उत्परिवर्तन किंवा अजून न उलगडलेला अंगभूत रोध असतो.

या सगळ्या कसोट्यांचा आदर्श वापर पाहायचा तर र्‍युटेरीच्या एका वाणाची कहाणी पाहावी. एटीसीसी ५५७३० हा वाण पेरूमधील एका मातेच्या दुधातून मिळाला होता आणि बरीच वर्षे जगभर विकला जात होता. तो टेट्रासायक्लिन, लिंकोमायसिनच्या गटातील औषधे आणि पेनिसिलिनच्या गटातील काही औषधे यांना दाद देत नव्हता. स्वीडनमधील संशोधकांनी कारण शोधले तेव्हा तिन्हींचे मूळ वेगवेगळे निघाले. पेनिसिलिनबाबतचा रोध त्याच्या स्वतःच्या प्रथिनांतील बदलांमुळे होता, तो हस्तांतरणीय नव्हता. उरलेले दोन मात्र दोन स्वतंत्र प्लाझ्मिडवर होते: एकावर टेट-डब्ल्यू, दुसऱ्यावर एलएनयू-ए. त्यांनी जनुकीय फेरफाराचे तंत्र न वापरता हे दोन्ही प्लाझ्मिड वाणातून घालवले आणि मिळालेल्या कन्यावाणाला डीएसएम १७९३८ हे नाव दिले. मूळ गुण टिकले आहेत का हे प्रयोगशाळेत आणि माणसांवरही पडताळले. २००८ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि बाजारात जुन्याची जागा नव्याने घेतली. तान्ह्या बाळांच्या पोटशुळावर आज जगभर दिला जातो तो हाच वाण. रोधी जनुक सापडले की वाण फेकून द्यावा लागतोच असे नाही, हे या उदाहरणाने दाखवले. जनुक प्लाझ्मिडवर असणे ही त्याची अडचण होती, आणि सुटकेची वाटही तीच ठरली.

मूळ वाण इतकी वर्षे खाणाऱ्यांचे काय झाले असावे, याचेही थोडे उत्तर आहे. स्वीडनमधीलच संशोधकांनी स्वयंसेवकांना टेट-डब्ल्यू बाळगणारा जुना वाण देऊन त्यांच्या आतड्यातील इतर जिवाणूंकडे ते जनुक गेले का हे तपासले. तसे हस्तांतरण आढळले नाही. याउलट २००६ मध्ये डेन्मार्कमध्ये सहा स्वयंसेवकांना कोंबडीतून आलेला व्हॅन-एधारी एन्टेरोकॉकस आणि माणसातून आलेला संवेदनशील एन्टेरोकॉकस असे दोन्ही पाजले, तेव्हा तिघांच्या आतड्यात व्हॅन-ए एकाकडून दुसऱ्याकडे गेले. लॅक्टोबॅसिलस आणि एन्टेरोकॉकस यांना एकाच तागडीत का घालू नये, ते या दोन प्रयोगांवरून दिसते. जनुक कोणते आहे याबरोबर ते कोणत्या वाहनावर आहे आणि जिवाणूची देवाणघेवाणीची खोड किती आहे, यावर धोका ठरतो.

काही वाण मात्र कोणत्याच खणात नीट बसत नाहीत. योगर्ट आणि बाळांच्या दुधाच्या पावडरीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियम ॲनिमलिस उपप्रजाती लॅक्टिसच्या जवळजवळ प्रत्येक वाणात टेट-डब्ल्यू असते. ते गुणसूत्रावर आहे, प्लाझ्मिडवर नाही, आणि साऱ्या उपप्रजातीत पसरलेले असल्याने अंगभूत म्हणावेसे वाटते. पण त्याला लागूनच जनुकखंड हलवणाऱ्या विकराचे जनुक आहे, म्हणजे ते कधीकाळी बाहेरून आले असावे. त्याचे हस्तांतरण प्रत्यक्ष दिसलेले नाही आणि वापराचा इतिहास दीर्घ व निर्वेध आहे. नियामकांनी त्याला चालू दिले आहे. हा निर्णय व्यवहार्य आहे. शुद्ध तत्त्वाच्या कसोटीवर तो तितका नितळ नाही, हेही मान्य करायला हवे.

बीजाणू तयार करणाऱ्या बॅसिलस गटात प्रश्न उलटा होतो, कारण तेथे रोध हाच गुण म्हणून विकला जातो. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर सर्रास दिसणारी बॅसिलस क्लॉसीची पाच मिलिलिटरची कुपी मूळ इटलीतील. तिच्यात चार वाणांचे मिळून २ अब्ज बीजाणू असतात आणि वाणांची ओळखच त्यांच्या रोधावरून होते: ओ/सी क्लोरॅम्फेनिकॉलला, एन/आर नोव्होबायोसिन व रिफॅम्पिसिनला, एसआयएन निओमायसिन व स्ट्रेप्टोमायसिनला, टी टेट्रासायक्लिनला दाद देत नाही. प्रतिजैविक चालू असतानाही तग धरून जुलाब आटोक्यात ठेवणे हा त्यामागचा हेतू. या वाणांतील तपासलेली रोधजनुके गुणसूत्रावर आढळली आहेत आणि हस्तांतरणाचे प्रयत्न फसले आहेत, यावर त्यांच्या सुरक्षिततेचा दावा उभा आहे. भारतात याच विचाराने प्रतिजैविक आणि लॅक्टिक जिवाणू एकाच गोळीत घालून विकण्याचीही पद्धत पडली आहे. तिच्यामागचे शास्त्र लंगडे आहे. जिवाणू औषधाने मरत असेल तर तो घालून उपयोग नाही, मरत नसेल तर त्याचा रोध कुठून आला हे वेष्टनावर कुठेच लिहिलेले नसते. हवा असलेला परिणाम सॅकरोमायसिस बुलार्डी या यीस्टनेही साधतो, आणि जिवाणूंवरच्या औषधांचा त्याच्याशी मुळात संबंधच येत नाही.

रोध हा गुण की दोष याचा निकाल एका बॅसिलसबाबत स्पष्ट लागला. बॅसिलस सेरिअस प्रकार टोयोई हा जपानी वाण डुकरे, कोंबड्या, ससे यांच्या खाद्यात अनेक वर्षे युरोपभर वापरला जात होता. त्याच्या जनुकसंचाची छाननी झाल्यावर टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांच्या रोधाची मिळवलेली जनुके त्यात आढळली, शिवाय विषद्रव्ये बनवण्याची क्षमताही. २०१३ मध्ये युरोपीय संघाने त्याची परवानगी स्थगित केली. आधी परवानगी मिळालेली असणे हे कायमचे प्रमाणपत्र नसते.

प्रोबायोटिकमुळे आतड्यातील एकूण रोधजनुके वाढतात की घटतात, यावर सरसकट उत्तर नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचा मूळ जिवाणूसमाज पूर्ववत व्हायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला; २०२१ च्या कामात अशा लोकांच्या आतड्याच्या अस्तरात रोधजनुकेही वाढलेली दिसली. त्यांचा उगम मुख्यतः दिलेल्या वाणांत नव्हता, तेथे आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या फोफावण्यात होता. दुसऱ्या टोकाला ओडिशातील ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बालकांवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. प्लांटारमचा एक वाण त्याच्या पोषक शर्करेसह सात दिवस दिल्यावर जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. जंतुदोष टळला की प्रतिजैविकाचा डोसही टळतो. योग्य वाण निवडला तर उपकारक जिवाणू रोधाच्या समस्येत भर घालण्याऐवजी ती हलकी करू शकतात.

भारतातील नियमांचा पाया भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. वाणाची जनुकीय ओळख पटवणे आणि त्याचा प्रतिजैविकरोध तपासणे त्यांत अपेक्षित आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी चालणाऱ्या प्रजातींची यादी आणि दररोजच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू ही अट घातली. प्रजातींची यादी असणे चांगलेच, पण रोधाचा प्रश्न वाणाच्या पातळीवरचा आहे, आणि बाजारातील अनेक वेष्टनांवर प्रजातीपुढे वाणाचा क्रमांक छापलेलाच नसतो. पशुखाद्यात वाढीसाठी वापरले जाणारे कोलिस्टिन २०१९ मध्ये देशात बंद झाले. त्यानंतर कुक्कुटपालनात आणि किनारपट्टीवरच्या कोळंबीच्या तळ्यांत प्रोबायोटिकला मागणी असणे स्वाभाविक आहे. तळ्यात टाकलेला वाण मात्र कोळंबीच्या आतड्यापुरता राहत नाही, तो पाण्यात आणि गाळातही उतरतो, म्हणून तेथे वाणाची निवड अधिक काटेकोर हवी.

घरगुती आणि छोट्या डेअऱ्यांचे विरजण या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर आहे. त्यात अनेक प्रजातींचा मिश्र समाज असतो, तो रोज थोडाथोडा बदलतो आणि त्याची छाननी करणे शक्यही नाही. येथे ताबा ठेवता येतो तो दुधावर. कासदाहावर औषध दिलेल्या गाई-म्हशींचे दूध ठरलेले दिवस न थांबता संकलन केंद्रात घातले, तर त्यातील प्रतिजैविकाचा अंश विरजणाच्या संवेदनशील जिवाणूंना मंदावतो, दही नीट लागत नाही, आणि त्या भांड्यात ज्यांना औषध बाधत नाही अशांना मोकळे रान मिळते. डेअऱ्या असे दूध ओळखण्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या प्रतिजैविकांपुढे चटकन हार मानणाऱ्या जिवाणूची चाचणी वापरतात. दूध स्वच्छ असेल तर तो वाढतो, आम्ल सोडतो आणि जांभळे माध्यम पिवळे होते. रंग जांभळाच राहिला तर तो टँकर स्वीकारला जात नाही.